मराठी घेऊन काय करणार? : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. बी. ए. झाल्यावर मराठीत एम. ए. करायचे ज्यांनी ठरवले आहे ते. ज्यांचे अजून ठरत नाही ते. आणि ज्यांनी ठरवले आहे, पण घरी सांगितलेले नाही ते. तिसरा गट सर्वांत मोठा, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घरी सांगणे

'मराठी घेऊन काय करणार?' हा प्रश्न कुठल्याही प्रवेशपरीक्षेत नसतो, पण तिच्याआधी सोडवावा लागतो. तो बहुधा लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा फिरत असताना, इंजिनिअर मुलाचे वडील विचारतात. उत्तरे तयार ठेवावीत. 'यूपीएससीला मराठी साहित्य घेणार' हे सर्वांत गुणकारी. दोन पेपर, प्रत्येकी २५०, एकूण ५०० गुण, हे आकडे तोंडपाठ असावेत. आकडा ऐकला की प्रश्नकर्ता जिलबीकडे वळतो. खुल्या प्रवर्गात हे उत्तर वयाच्या ३२व्या वर्षापर्यंत चालते. 'प्राध्यापक होणार' हे दुसरे उत्तर. त्यावर 'किती द्यावे लागतात?' असा उपप्रश्न येतो, तो या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. 'लेखक होणार' असे सांगू नये. ते खरे असेल तर मुळीच सांगू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हेच काका 'आता काय बुवा, तुमचीच चलती' असे म्हणतात. यावर मान डोलवावी आणि मठ्ठा घ्यावा.

विद्यापीठ निवडणे

पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर ही नावे सगळ्यांना माहीत असतात. घरापासून लांब जायचे असेल तर बडोद्याचे महाराजा सयाजीराव, हैदराबादचे उस्मानिया आणि थेट बनारस हिंदू विद्यापीठ इथेही मराठी शिकता येते. गोवा विद्यापीठ आहेच. आणि आता अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला खास मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे.

रिद्धपूरची जागा योग्यच. 'लीळाचरित्र' तिथेच तेराव्या शतकात आकाराला आले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमवायला एकेका शिष्याकडे जाऊन विचारपूस केली, मिळालेले नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. क्षेत्रीय अभ्यास, मुलाखती, संहितेची पडताळणी, सारे काही, फेलोशिप नाही. पुढे धाडीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांना ती पाठांतरावरून पुन्हा उभी करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. संशोधनपद्धतीच्या तासाला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: प्रबंधाची एक प्रत ईमेलवर ठेवावी.

दोन वर्षांत काय शिकवतात

चार सत्रे असतात. भाषाविज्ञान, साहित्यशास्त्र, मध्ययुगीन वाङ्मय, आधुनिक वाङ्मय, ग्रामीण, दलित, स्त्रीवादी साहित्य आणि एखादा नेमलेला लेखक. शिक्षक बरे मिळाले तर यातले बरेचसे जन्मभर पुरते, हे मी थट्टेने म्हणत नाही. भरताच्या रससूत्रावर लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त या चौघांनी काय म्हटले ते वाचताना रस कुठे राहतो, नटात, पात्रात की प्रेक्षकात, हे भांडण किती जुने आणि किती तल्लख आहे ते कळते. अडचण एवढीच, की दोन वर्षांनी विद्यार्थ्याला उत्पत्तिवाद आणि अभिव्यक्तिवाद यांतला फरक सांगता येतो, पण त्याच्या स्वतःच्या एकाही परिच्छेदावर कुणी लाल पेन चालवलेले नसते. चुकीच्या जागी आलेले क्रियापद, तीनदा आलेले 'त्यामुळे', सुरुवातीलाच थकलेले वाक्य, हे दाखवणे कुणाचेच काम नसते. परीक्षक उत्तरातले मुद्दे मोजतो.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळाच पदवीच्या पातळीवर आणली. तिथे विद्यार्थी आपली कथा वाटतो आणि बाकीचे तिची चिरफाड करतात; तो गप्प बसतो. (मराठी माणसाला हा शेवटचा भाग कठीण जाईल.) त्याच गावच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात १९७५ मध्ये आपले दिलीप चित्रेही होते. आपल्याकडे हे काम विद्यापीठाने केलेच नाही. ते झाले गिरगावात, खटाववाडीतल्या मौजेच्या कचेरीत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित परत करत ते शेरे मारून, पत्रे लिहून, शेवट बदलायला सांगून. फी नव्हती, पदवीही नव्हती. त्यांचे 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडले. त्या वर्गाची जागा अजून रिकामी आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात 'ऑन जॉब ट्रेनिंग' नावाचे चार श्रेयांक आले आहेत. इतर विषयांची मुले कंपनीत जातात. मराठीच्या मुलांनी कुठे जावे यावर विभागात बैठक होते. प्रकाशकाकडे पाठवले तर पार्सले बांधावी लागतील अशी भीती व्यक्त होते. जरूर बांधावीत. कोणत्या पुस्तकाची पार्सले बाहेर जातात आणि कोणत्याची परत येतात, एवढे महिनाभर पाहिले तरी वाङ्मयाच्या समाजशास्त्राचा पेपर पाठ होतो.

मम्मटाची यादी

साहित्यशास्त्रात एक प्रश्न हमखास येतो: मम्मटाची काव्यप्रयोजने सांगा. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने सहा सांगितली. यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ मिळणारा आनंद आणि प्रिय पत्नीने करावा तसा उपदेश. विद्यार्थी सहाही लिहितो, गुण घेतो आणि विसरतो. विसरू नये. पहिले यश आणि दुसरे अर्थ, हा क्रम घोकून ठेवावा. मम्मटाने दोन्ही एका यादीत घातली. दोन्ही एकाच कामात मिळतील असे तो म्हणालेला नाही. मराठीतला सगळा लेखनव्यवसाय या फटीत वसलेला आहे. ज्या कामावर तुमचे नाव छापतात, त्याचे पैसे मिळत नाहीत; ज्याचे मिळतात, त्यावर दुसऱ्याचे नाव असते. पुढचे पर्याय वाचताना हे सूत्र हाताशी ठेवावे.

पर्याय : संशोधन

एम. ए. संपत आले की नेटचा अर्ज भरावा, राज्याची सेट द्यावी आणि विद्यापीठाची पीएच. डी. प्रवेशपरीक्षा, म्हणजे पेटही. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. घरातला सूर बदलतो. पंगतीतले काका आता मुलीची पत्रिका घेऊन येतात.

पीएच. डी.चा विषय निवडण्याची रीत सोपी आहे. आधी एक लेखक घ्यावा. त्याला एक वाङ्मयप्रकार जोडावा. पुढे अपूर्णविराम देऊन 'एक चिकित्सक अभ्यास' लिहावे. गाईड पुरोगामी असल्यास 'आकलन आणि मूल्यमापन'. दोन लेखक घेतल्यास 'तौलनिक अभ्यास'. लेखक सुचत नसेल तर '१९९० नंतरची' असे लिहून कोणताही वाङ्मयप्रकार घ्यावा. १९९० नंतर सर्व काही झाले आहे. शक्यतो दिवंगत लेखक घ्यावा. हयात लेखक प्रकरणे वाचायला मागतो, आणि त्याला स्वतःविषयी तुमच्यापेक्षा जास्त म्हणायचे असते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. शीर्षकातले साम्य कुणी मोजत नाही, ही विद्यापीठांची कृपा.

पर्याय : अध्यापन

सेट-नेट झाली, पीएच. डी. झाली, की सीएचबी सुरू होते. म्हणजे तासिका तत्त्व: जितके तास शिकवाल तितक्या तासांचे मानधन. दिवाळीच्या सुट्टीत रसनिष्पत्ती होत नाही, म्हणून मानधनही नाही. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, मधले अंतर एसटीने. स्टाफरूममध्ये तुम्हाला सर किंवा मॅडमच म्हणतात. कपाटाची किल्ली देत नाहीत.

कायम जागा निघायला कार्यभार लागतो आणि कार्यभाराला विद्यार्थी. इथे एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. अकरावी-बारावीला विज्ञान आणि वाणिज्य शाखांत मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय झाली. त्यात गुण पडतात असे सगळ्यांना कळले आणि मराठीचे वर्ग ओसरले. वर्ग ओसरले की तास कमी, तास कमी की शिक्षक जादा. अभिजात दर्जाची पेढे-वाटणी आणि कनिष्ठ महाविद्यालयातली ही गळती एकाच राज्यात चालू आहे, आणि माझ्या मते दुसरीच जास्त खरी आहे.

प्राध्यापक झाल्याखेरीज लेखक होता येत नाही अशीही एक समजूत आहे. आपले चार ज्ञानपीठविजेते पाहा. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर, कुसुमाग्रज वृत्तपत्रांत, विंदा आणि नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. रंगनाथ पठारे पदार्थविज्ञान शिकवत. अरुण कोलटकर जाहिरातींची कामे करत. तेंडुलकरांचे शाळेचे शिक्षणही अर्धवट सुटले. मराठीचे विभाग या सगळ्यांना अभ्यासक्रमाला लावतात आणि त्यांच्यावर चिकित्सक अभ्यास करतात, हेही एक योगदानच.

पर्याय : शब्दांकन

हा सर्वांत किफायतशीर आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा पर्याय, म्हणून जरा विस्ताराने.

महाराष्ट्रात दर वर्षी काही साहेब साठ आणि काही पंचाहत्तर वर्षांचे होतात. साखर कारखाना, पतसंस्था, बांधकाम, शिक्षणसंस्था, काहीही असो, त्या दिवशी आत्मचरित्र किंवा गौरवग्रंथ लागतो. साहेबांना वेळ नसतो. ते गाडीत, विश्रामगृहात, कधी कधी मालिश चालू असताना बोलतात. तुम्ही फोनवर टिपून घ्यायचे. तीन तासांत निवडणुकीतल्या विरोधकांबद्दल अडीच तास येतात, ते वगळायचे. उरलेल्या अर्ध्या तासातून दोनशे पाने काढायची.

रचना ठरलेली आहे. कष्टाचे बालपण, अनवाणी शाळा, कडक पण प्रेमळ गुरुजी, आईचे संस्कार, पहिला संघर्ष, आणि मग एकदम यश. मधले यश कसे आले हे विचारू नये. साहेबांना लहानपणी चपला होत्या असे आढळल्यास पहिल्या प्रकरणातून चपला काढून टाकाव्यात. पत्नीचा उल्लेख अर्पणपत्रिकेत एकदा आणि 'खंबीर साथ' या शब्दांसह एकदा. मजकूर आधी पीए वाचतो, मग चिरंजीव, मग वकील. वकिलाने परत केलेली प्रत सर्वांत सुबक असते. संपादन म्हणजे काय ते तिथे कळते.

मुखपृष्ठावर साहेबांचे नाव. आतल्या पानावर, बारीक टायपात, 'शब्दांकन' आणि तुमचे. प्रकाशनसमारंभात चौथी रांग, जमल्यास श्रीफळ. अध्यक्ष भाषणात सांगतात की साहेबांच्या लेखणीत इतकी ताकद असेल याची कल्पना नव्हती. तेव्हा टाळ्या वाजवाव्यात. अर्धे पैसे काम सुरू होण्याआधी घ्यावेत आणि उरलेले छपाईला देण्याआधी. प्रकाशनानंतर साहेब परगावी असतात.

पर्याय : दैनंदिन मालिका

मालिकेत लेखक एक नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नवशिक्याला संवाद मिळतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटे उरतात, तेवढी भरायची. पटकथा रात्री येते, सेटवर कागद सकाळी पोचले पाहिजेत. एम. ए.ला शिकलेले पात्रचित्रण उपयोगी पडते, पण दुपारपर्यंतच. दुपारी कळते की सासूचे काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या ठिकाणी नाटकाचा प्रयोग आहे. मग सासू गावी जाते. फारच दिवस नसतील तर कोमात. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावरून शुक्रवारी कुणाचे लग्न मोडायचे ते ठरते. रविवारी महाएपिसोड असेल तर हे सगळे दुप्पट.

मानधन भागावर असते आणि रिवाजाप्रमाणे प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी येते. तोवर सासू शुद्धीवर आलेली असते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात पटकथा-संवादलेखकाच्या रॉयल्टीचा हक्क मान्य झालेला आहे. करारावर सही करताना कुणी तुम्हाला ते आपणहून सांगणार नाही, म्हणून करार घरी आणून वाचावा. 'अहो, हा सगळ्यांचाच फॉरमॅट आहे' असे कुणी म्हटले तर दोनदा वाचावा.

हा मार्ग रीतसर शिकायचा असल्यास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे.

पर्याय : भाषांतर, डबिंग, जाहिराती

भाषांतराचा दर शब्दावर आणि पैशांत असतो. रुपया हे तिथे मोठे नाणे. एक व्यावसायिक गुपित: दर ठरवताना शब्द मूळ इंग्रजीचे मोजायचे, असे लिहून घ्यावे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. त्यामुळे इंग्रजीचे हजार शब्द मराठीत चांगले आले की बरेच कमी भरतात. म्हणजे भाषांतर जितके अस्सल, तितके बिल लहान. सरकारी पत्रकांत 'करण्यात येत आहे' इतके का असते, याचे एक कारण मला इथे दिसते.

अलीकडे एजन्सी यंत्राने केलेले भाषांतर पाठवते आणि 'फक्त एकदा नजर टाका' म्हणते. नजर टाकण्याचा दर निम्मा असतो, काम दुप्पट. नकार देता येत नसेल तर पहिली दोन पाने करून बघून मग दर सांगावा.

जाहिरातीत मराठी मजकूर लिहायचा नसतो. हिंदीत आधीच झालेला असतो, तो संध्याकाळपर्यंत 'मराठीत करून' द्यायचा असतो, तेवढ्याच सेकंदांत. डबिंगमध्ये ओठ मिटतात तिथे प, ब किंवा म यायला हवा. छंदःशास्त्राचा पेपर ज्यांनी ऑप्शनला टाकला, त्यांना हे जड जाते.

पर्याय : मुद्रितशोधन

इथे थट्टा बाजूला ठेवतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा: १९६२चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार. अठरा नियम शिकायला एक पावसाळा पुरतो. कवी सुटा असताना दीर्घ आणि कविसंमेलनात गेला की ऱ्हस्व, एवढे ज्याला न चाचपडता येते त्याला प्रकाशक, वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तकवाले, बँका, सगळीकडून फोन येतात. तुमच्या विभागाच्या फलकावर 'कवीसंमेलन' लिहिलेले असेल तर स्पर्धा किती आहे याचा अंदाज घ्यावा. अरुण फडके यांनी 'शुद्धलेखन ठेवा खिशात' नावाची छोटी पुस्तिका काढली होती, नावाप्रमाणे करावे. दोन वर्षांचा एम. ए. आणि ही पुस्तिका यांतले महिन्याचे भाडे भागवायला अधिक उपयोगी काय, याबद्दल माझे मत पक्के आहे.

सरकारातही याच कौशल्याला जागा आहेत: भाषा संचालनालयात आणि न्यायालयांत भाषांतरकार, विधिमंडळात प्रतिवेदक. जाहिरात क्वचित निघते. निघाली की तिच्यातल्या चुका काढत बसण्याआधी अर्ज भरावा.

नाव छापून येण्याचे पर्याय

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखक भर पावसाळ्यात फराळावर लिहितो. निमंत्रणाचे पत्र उन्हाळ्यात येते, मजकुराची मुदत जुलैअखेर, मानधनाची मुदत पत्रात नसते. अंक मात्र घरी येतो, आणि आई तो टीपॉयवर पाहुण्यांना दिसेल असा ठेवते. मम्मटाचे पहिले प्रयोजन सिद्ध.

पुस्तक काढायचे असल्यास साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहावी. रॉयल्टीचा हिशेब आधीच करून ठेवावा, नंतर धक्का बसत नाही. समजा किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती ५०० प्रतींची. सगळी खपली तर पंधरा हजार. किती वर्षांत, ते समजा यात येत नाही. कॉपीराइट मात्र तुमच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. नातवंडांना कल्पना देऊन ठेवावी.

अर्ज भरताना

जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, टीसी आणि गुणपत्रिका यांच्या छायांकित प्रती लागतात. मायग्रेशन बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांना. नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकसारखे आहे ना, ते पाहावे. आणि ही मार्गदर्शिका हाती पडेपर्यंत प्रवेशाची मुदत उलटून गेली असेल तरी घाबरू नये. विभागात जाऊन विचारावे. मराठीच्या जागा बहुधा शिल्लक असतात.